ड्रॉवरमधली एटीएम कार्डं: छोट्या सेवा कंपनीनं वेठबिगारी कशी रोखावी

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या एका साईटवर हजेरीपट आणायला गेले होते. सुपरवायझर जागेवर नव्हता, म्हणून टेबलाचा ड्रॉवर मीच उघडला. हजेरीपटाखाली रबरबँड लावलेला एटीएम कार्डांचा गठ्ठा होता. अकरा कार्डं. प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर नाव आणि चार आकडी पिन. बाहेर लॉबीत फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, "तुमचं कार्ड यांच्याकडं कसं?" त्या म्हणाल्या, "ताई, मला कुठं ते मशीन चालवता येतंय? सर काढून आणतात, देतात." किती देतात, ते त्यांनी सांगितलं. आमच्या पगारपत्रकातल्या आकड्यापेक्षा ते अडीच हजारांनी कमी होते.

आमचं पगारपत्रक चोख होतं. पी.एफ. वेळेवर भरलेला, पगार थेट बँकेत. कुणी कागद तपासले असते तर एकही खोट निघाली नसती. आणि त्याच वेळी अकरा बाया नोकरी टिकावी म्हणून दर महिन्याला पगारातून हप्ता देत होत्या. त्यातल्या तिघींवर त्याच सुपरवायझरची उचल होती. ती फिटल्याशिवाय काम सोडायचं नाही, अशी बोली झालेली.

हे माझ्या कंपनीत चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. त्यानंतर जे शिकले ते इथे लिहिते आहे. हाऊसकीपिंग, सुरक्षा, कँटीन, लॉन्ड्री, ड्रायव्हर पुरवणं अशा कामाची दहा-वीस ते शंभर माणसांची कंपनी ज्यांनी नुकती सुरू केली आहे, किंवा अशा कंपनीत माणसांचं खातं ज्यांच्याकडे नव्यानं आलं आहे, त्यांच्यासाठी.

आधी हे ओळखायचं कसं

'आधुनिक गुलामगिरी' हा शब्द ऐकला की साखळदंड डोळ्यांपुढे येतात, आणि मग वाटतं, आपल्याकडे असलं काही नाही. आपल्या भाषेत याला जुने आणि नेमके शब्द आहेत. वेठबिगारी. उचल. अंगावरचे पैसे. जुन्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरकडे, वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेत आणि मग नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारल्यांनी उठाव केला तो या लग्नगडीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध. आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेऊनच घर सोडतं. रायगड-ठाण्यातलं कातकरी कुटुंब वीटभट्टीवर जातं तेही पावसाळ्यात घेतलेल्या पैशांपोटी. शहरातल्या काचेच्या इमारतीत फरशी पुसणारी बाई याच साखळीची पुढची कडी असू शकते.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट वाचून ठेवा. संविधानाच्या कलम २३ नं बेगार आणि सक्तीची मजुरी बंद केली आहे. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासूनच लागू धरला गेला. त्याची व्याख्या सोप्या शब्दांत अशी: स्वतः किंवा आईबापानं घेतलेल्या पैशांपोटी माणसाला फुकट किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागत असेल, दुसरीकडे काम धरता येत नसेल, मनाप्रमाणे कुठे जाता येत नसेल, किंवा आपला माल, आपली मेहनत बाजारभावानं विकता येत नसेल, तर ती वेठबिगारी. चारही गोष्टी जुळायला हव्यात असं नाही, एक पुरते. वेठबिगारीचं कर्ज या कायद्यानं रद्दच केलं आहे, त्याची वसुली करता येत नाही. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षाही जवळची. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे. पोटाची अडचण हीसुद्धा सक्तीच. "त्यानं स्वतःच्या मर्जीनं काम धरलंय" हे उत्तर तिथे संपतं. भारतीय न्याय संहितेचं मानवी व्यापाराचं कलम १४३ आणि बेकायदा सक्तीच्या मजुरीचं कलम १४६ ही फौजदारी बाजू आहे. कलम १४३ मध्ये शोषण झालेल्या माणसाची संमती होती की नव्हती, हे पाहिलंच जात नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत. सगळ्या इथे देत नाही. आमच्या धंद्यात मी वारंवार पाहते त्या चार: कागदपत्रं किंवा कार्ड दुसऱ्याकडे, पगार अडकवलेला, अंगावर पैसे, आणि राहायची जागा मालकाच्या कुलपात.

पायरी १: आपल्याच कंपनीत पाच प्रश्न

पुरवठादारांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पगारपत्रकातली दहा नावं काढा. सुपरवायझरनं निवडलेली नकोत, तुम्ही स्वतः चिठ्ठी काढल्यासारखी निवडा. प्रत्येकाला एकट्यात पाच गोष्टी विचारा.

इथे काम लागण्यासाठी कुणाला किती पैसे दिले? एटीएम कार्ड, आधार, बँक पासबुक आत्ता कुठे आहे? मागच्या महिन्यात हातात नक्की किती आले? कंपनीचे, सुपरवायझरचे किंवा ठेकेदाराचे काही पैसे अंगावर आहेत का? आणि उद्या काम सोडायचं म्हटलं तर काय होईल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "काही नाही, महिना सांगायचा आणि जायचं" असं सहज उत्तर आलं तर बरं. माणूस थांबला, दाराकडे पाहायला लागला, "आत्ता कसं जाणार, हिशेब व्हायचाय" म्हणाला, तर तिथेच बसा आणि हिशेब कसला ते ऐका.

हा प्रश्न विचारायची जागाही विचारपूर्वक निवडा. कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं की माणसाला वाटतं काढून टाकणार. मी ड्युटी सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत जाते, किंवा चहाच्या टपरीवर उभी राहते. सुपरवायझर ऐकण्याच्या टप्प्यात नको. ओडिशा, बिहार, नेपाळकडची मुलं असतील तर त्यांची भाषा येणारं माणूस न्या, पण ते माणूस ठेकेदारानं दिलेलं नसावं. पहिल्या भेटीत कुणी खरं सांगत नाही. तिसऱ्या भेटीत सांगतात, तेही पहिल्या दोन भेटींतलं बोलणं बाहेर फुटलं नाही हे पाहून.

पायरी २: भरतीच्या दारातच पैसे थांबवा

आमच्या क्षेत्रात साईटवर माणूस 'लावायचे' पैसे घेतले जातात. कधी सुपरवायझर घेतो, कधी गावाकडून आणणारा ओळखीचा. शिवाय युनिफॉर्मचं डिपॉझिट, बुटांचे पैसे, पोलीस पडताळणीचा खर्च, पहिल्या पंधरा दिवसांचा पगार 'मागे ठेवणं'. प्रत्येक रक्कम छोटी दिसते. सगळ्या मिळून माणूस पहिल्या दिवशीच कर्जात उतरतो, आणि कर्जात असलेला माणूस तक्रार करत नाही.

नियम एका ओळीचा ठेवा: नोकरीसाठी कामगारानं एक रुपयाही द्यायचा नाही, भरतीचा आणि युनिफॉर्मचा सगळा खर्च कंपनीचा. हे मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरात साईटच्या कपडे बदलायच्या खोलीत लावा. खाली कंपनीच्या मालकाचा किंवा जबाबदार माणसाचा मोबाईल नंबर द्या, सुपरवायझरचा नाही. वाचता न येणाऱ्यांना रुजू होतानाच तोंडी सांगा. कुणी आधीच पैसे दिलेले असतील तर ते परत करा. आम्ही त्या अकरा जणींना त्यांनी सांगितलेल्या रकमा परत दिल्या आणि सुपरवायझरला काढला. पुरावा कागदावर नव्हता. त्यांच्या तोंडचा शब्द आम्ही पुरावा मानला.

आधार कार्डाची प्रत घ्या, मूळ कार्ड हातोहात परत करा. 'सांभाळायला' म्हणूनही ठेवू नका. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यानुसार ते द्यावंच लागतं. पण कायद्यापलीकडेही त्या कागदाचा उपयोग आहे: पगार किती, ड्युटी किती तासांची, सुट्टी कोणती, हे माणसाच्या खिशात लिहिलेलं राहतं.

वय तपासायला विसरू नका. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ मधल्यांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. केटरिंगच्या लग्नसराईत ताटं उचलायला 'आजच्यापुरती' आणलेली मुलं मी पुष्कळदा पाहिली आहेत. आजच्यापुरतं असं काही नसतं.

पायरी ३: उचल द्या, पण दोर बांधू नका

इथे थोडं थांबून लिहिते, कारण नवख्या माणसाची सर्वात मोठी चूक इथेच होते.

वेठबिगारी उचलीतून येते हे कळलं की काही जण उचल देणंच बंद करतात. तसं करू नका. आमच्याकडच्या बाईला मुलीच्या शाळेची फी, नवऱ्याचं आजारपण, गावाकडचं लग्न यासाठी पैसे लागतातच. कंपनीनं नाही म्हटलं की ती आठवड्याला व्याज घेणाऱ्याकडे किंवा सुपरवायझरकडे जाते. आमच्या त्या तिघी सुपरवायझरकडे गेल्या, कारण आमच्या ऑफिसनं त्यांना "असा नियम नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. ही चूक माझी होती.

आता आमची पद्धत अशी आहे. उचल जास्तीत जास्त एका महिन्याच्या पगाराएवढी. व्याज नाही. उचल फक्त ऑफिस देतं, बँकेतून, सुपरवायझरच्या हातून कधीच नाही. परतफेडीचा हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त कापायचा नाही. कामगाराकडे एक छोटी वही असते, त्यात घेतले किती, फिटले किती, उरले किती हे दर महिन्याला लिहून दिलं जातं. कायदा एकूण कपात पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ देतो, पण निम्मा पगार कापला तर माणूस पुन्हा उचल मागणार हे उघड आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: उचल बाकी असली तरी काम सोडून जाता येतं. जाताना शेवटच्या हिशेबातून एक हप्ता वळता होतो, उरलेले त्यानं नंतर दिले तर घेतो, नाही दिले तर सोडून देतो. त्यासाठी माणसाला थांबवायचं नाही, कागद अडवायचे नाहीत, त्याच्या भावाला किंवा बायकोला बदली कामावर बोलवायचं नाही. वर्षाकाठी काही हजार असे बुडतात. आम्ही तो खर्च धरूनच चालतो.

काम सोडणाऱ्याचा पूर्ण हिशेब नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'पुढच्या पगाराबरोबर बघू' ही जुनी सवय मोडा. अडकलेला शेवटचा पगार हाही दोरच.

पायरी ४: दराचं गणित मांडा

शोषण पुष्कळदा सुपरवायझरच्या वाईटपणातून सुरू होत नाही. ते आपण ग्राहकाला दिलेल्या दरपत्रकातून सुरू होतं. एकदा कागद-पेन घेऊन बसा.

हिशेबापुरतं समजा, तुमच्या कामाच्या गटाचं किमान वेतन महागाई भत्त्यासकट १५,००० रुपये येतं. त्यावर कंपनीचा पी.एफ. प्रशासकीय आणि विम्याच्या आकारासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. ई.एस.आय. म्हणजे कामगारांचा राज्य विमा, त्यातला कंपनीचा वाटा ३.२५ टक्के, साधारण ४८८. बोनस ८.३३ टक्के, साधारण १,२५०. बेरीज १८,६८८. यात पगारी रजा, ग्रॅच्युइटी, युनिफॉर्म, बदली माणूस, साहित्य आणि तुमचा नफा अजून आलेला नाही. आता शेजारची एजन्सी 'सगळं धरून' माणशी १६,५०० सांगत असेल, तर ती दोन हजार कुठून आणणार? साईटवर दहा माणसं दाखवून आठ पाठवेल, पी.एफ. भरणार नाही, किंवा पगार बँकेत टाकून रोखीनं परत घेईल. चौथा मार्ग मला आजवर दिसलेला नाही.

तीच गोष्ट बारा तासांच्या ड्युटीची. सुरक्षेच्या कामात ती इतकी रुळली आहे की कुणी प्रश्न विचारत नाही. दिवस आठ तासांचा धरला तर वरचे चार तास ओव्हरटाईम, त्याचा दर दुप्पट. चार तासांचे दुप्पट म्हणजे आठ तासांचा पगार. बारा तासांच्या एका ड्युटीला दोन दिवसांची मजुरी द्यायला हवी. ग्राहकापुढे हे गणित ठेवा. काही ग्राहक जातील. आमचे दोन गेले. तिसऱ्यानं मात्र आठ तासांच्या तीन पाळ्या मान्य केल्या, कारण त्याच्या वकिलानं त्याला समजावलं की ठेकेदारानं पगार थकवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो.

आणि कार्डांचं काय? पगार झाल्यावर दोन दिवसांनी आमच्या ऑफिसमधली एक मुलगी साईटवर जाते आणि ज्यांना मशीन वापरता येत नाही त्यांच्याबरोबर एटीएमपर्यंत चालत जाते. बटणं ज्याची त्यानं दाबायची. त्या मावशींना तीन महिने लागले. पिन त्यांनी बदलून घेतला आणि तो कुणालाही सांगत नाहीत, आम्हालाही नाही.

पायरी ५: पुरवठादारांची यादी खालपर्यंत न्या

छोट्या कंपनीलाही वाटतं त्यापेक्षा जास्त पुरवठादार असतात. युनिफॉर्म शिवणारा, पडदे-चादरी धुणारी लॉन्ड्री, डबा देणारी मेस, गाड्या आणि ड्रायव्हर देणारा, कचरा आणि भंगार उचलणारा, सुट्टीच्या दिवशी जादा माणसं देणारा ठेकेदार, ड्रेनेज साफ करणारा. एका कागदावर सगळे लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टींची नोंद करा: काम अंगमेहनतीचं आहे का, माणसं बाहेरगावची आहेत का, ती मालकाच्याच जागेत राहतात का. तिन्हींपुढे 'हो' आलं की आधी तिथे जायचं. साबण-फिनेलचा घाऊक व्यापारी यादीत सगळ्यात खाली.

मग प्रत्येकाला विचारा, हे काम तुम्ही स्वतः करता की पुढे कुणाला देता? आमचा युनिफॉर्मवाला म्हणायचा, "आपलंच वर्कशॉप आहे." काज-बटणाचं काम मात्र तो वस्तीतल्या घरांत देत होता, नगावर. आमच्यापासून मोजली तर ती साखळीतली तिसरी कडी झाली, आणि तिथे आम्ही कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

ड्रेनेज आणि सेप्टिक टँकचं एक वेगळं सांगते. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला लावणं बंद केलं आहे, संरक्षणाशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. हे काम फक्त यंत्र असलेल्यालाच द्या आणि काम चालू असताना आपला माणूस तिथे उभा ठेवा.

भेट कधी द्यायची यावर बरंच काही ठरतं. सकाळी अकराला, आधी फोन करून गेलात तर नीटनेटकी जागा आणि चहा मिळेल. आम्ही ज्या लॉन्ड्रीला तीन वर्षं काम देत होतो, तिथे मी दिवसा दोनदा जाऊन आले होते. एकदा जादा चादरी हव्यात म्हणून रात्री साडेनऊला गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं आणि आतून मशीनचा आवाज येत होता. मालकाचा माणूस येऊन त्यानं कुलूप उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली. आत चौदा मुलं होती. ड्रायरच्या वरच्या पोटमाळ्यावर त्यांची अंथरुणं, दोरीवर कपडे, एका कोपऱ्यात स्टोव्ह. "रात्री चोऱ्या होतात म्हणून कुलूप," तो माणूस म्हणाला. आग लागली असती तर ती मुलं कुठून बाहेर पडली असती, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

त्यांच्यातल्या एकानं चादरी मोजता मोजता हळूच सांगितलं. गावाहून येताना रेल्वेचं तिकीट आणि घरी दिलेले काही हजार त्याच्या नावावर लिहिलेले. दर आठवड्याला खर्चापुरते पाचशे. बाकीचा हिशेब दिवाळीला. आधार कार्डं मालकाच्या कपाटात.

आणि ही लॉन्ड्री आम्ही निवडली होती ती चादरीमागे दोन रुपये स्वस्त म्हणून.

पायरी ६: कराराचं एक पान

मोठ्या कंपन्यांची चाळीस पानी आचारसंहिता उतरवून घेऊ नका, पुरवठादार न वाचताच सही करेल. एक पान पुरतं, मराठीत. त्यात हे हवं: नोकरीसाठी कामगाराकडून पैसे घेणार नाही, मूळ कागदपत्रं आणि कार्डं ठेवणार नाही, किमान वेतन बँकेतून देणार, राहायच्या जागेला बाहेरून कुलूप लावणार नाही, काम पुढे दुसऱ्याला द्यायचं तर आधी कळवणार, आणि तुमचा माणूस न सांगता कधीही आला तर त्याला कामगारांशी एकट्यानं बोलू देणार. बदल्यात तुम्ही काय देणार तेही त्याच पानावर लिहा: बिलाचे पैसे किती दिवसांत, आणि किमान वेतन वाढलं की दरही वाढणार. तुम्ही त्याचं बिल चार महिने थकवलंत तर तो पगार कुठून करणार? आमच्याकडे आता लॉन्ड्री आणि मेसचं बिल पंधरा दिवसांत दिलं जातं.

पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ छोट्या कंपन्यांकडे परदेशी ग्राहकांच्या प्रश्नावल्या येतात. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या कलम ५४ नुसार तिथे व्यवसाय करणाऱ्या, ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात २०१८ चा कायदा आहे, तिथली मर्यादा १० कोटी डॉलर. तुम्ही त्या मर्यादेत येत नाही, पण तुमचा ग्राहक येतो, म्हणून तो तुम्हाला विचारतो. अशा प्रश्नावलीत सगळीकडे 'होय'वर खूण करून पाठवू नका. "लॉन्ड्रीत त्रुटी आढळल्या, अमुक तारखेपर्यंत अमुक केलं, कचरा उचलणाऱ्याकडे अजून गेलो नाही" असं खरं लिहा. आम्ही तसं लिहिलं तेव्हा ग्राहकाकडून काम गेलं नाही, उलट पुढच्या भेटीचा खर्च त्यांनी निम्मा उचलला.

पायरी ७: सापडलं तर

आधी दोन प्रकार वेगळे करा. ओव्हरटाईमचा दर चुकला, वेतनचिठ्ठी दिली नाही, रजा कमी धरल्या, अशा गोष्टी पुरवठादाराबरोबर बसून तारीख ठरवून दुरुस्त करता येतात. थकबाकी कामगारांच्या हातात पडली हे स्वतः पाहा, नुसता ईमेल पुरवठादारानं पाठवला म्हणून फाईल बंद करू नका. लगेच काम काढून घेऊ नका. काम गेलं की पहिला फटका त्या कामगारांनाच बसतो, आणि अंगावरचे पैसे तसेच राहतात.

पण कुलूप, अडकवलेले कागद, उचलीपोटी राबणं, मारहाण किंवा लहान मूल, यातलं काही दिसलं तर ते तुमच्या आणि पुरवठादाराच्या दोघांतलं प्रकरण राहत नाही. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे करायची असते. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर त्यासाठी दक्षता समित्या नेमायची तरतूद १९७६ च्या कायद्यातच आहे. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. तुमच्या जिल्ह्यात कामगारांबरोबर काम करणारी संघटना असेल तर तिला बरोबर घ्या, कुणाला कुठल्या टेबलावर भेटायचं हे त्यांना माहीत असतं. स्वतः धाड टाकायला जाऊ नका.

अर्जात ठिकाण, माणसांची संख्या, तुम्ही स्वतः काय पाहिलं आणि कधी, एवढंच लिहा. कोणत्या मुलानं सांगितलं हे कुणालाही कळता कामा नये. चौकशीत वेठबिगारी ठरली की मुक्ततेचा दाखला मिळतो, आणि तो फार महत्त्वाचा कागद आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, मानवी व्यापार किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. दाखल्याशिवाय माणूस नुसता गावी पोहोचवला, तर पुढच्या हंगामात तोच मुकादम पुन्हा दारात उभा राहू शकतो.

लॉन्ड्रीच्या वेळी यातलं मला काही माहीत नव्हतं. रात्री घरी आले, डोकं फिरलेलं होतं, आणि मी थेट मालकाला फोन लावला. खूप बोलले. तो शांतपणे "मॅडम, उद्या बघतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी संघटनेच्या माणसांबरोबर प्रांत कार्यालयात अर्ज दिला, चौकशी झाली, दहा मुलांना त्यांचे पैसे आणि आधार कार्डं मिळाली आणि ती घरी गेली.

मी चौदा मोजली होती. उरलेल्या चौघांना पहाटेच टेम्पोत बसवून कुठेतरी हलवलं होतं. चादरी मोजता मोजता माझ्याशी बोललेला मुलगा त्या चौघांत होता. त्याचा फोन नंबर मी घेतला नव्हता, गावाचं नाव विचारलं नव्हतं. म्हणून मालकाला फोन करण्याआधी, अर्ज लिहिण्याआधी, जागेवरून निघण्याच्याही आधी हे करा: तिथल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव आणि घरच्या कुणाचा तरी नंबर लिहून घ्या.